ण नसलेलं पाणी

मार्च लागला की आमच्या घरातलं जेवणाचं टेबल जेवणाचं राहत नाही. त्यावर पेपरांचे गठ्ठे येऊन बसतात आणि घरची माणसं ताटं मांडीवर घेऊन टीव्हीसमोर जेवतात. मी विरारच्या एका शाळेत मराठी शिकवते. लाल पेन, चष्मा आणि निवलेला चहा, एवढाच माझा महिनाभराचा संसार. दुपारी पश्चिमेकडून वारा सुटतो. बोळिंजच्या आमच्या इमारतीत त्या वाऱ्याबद्दल कोणी चांगलं बोलत नाही, कारण त्याच्यासोबत खाडीकडचा एक खारट, कुबट वास येतो. धडाधड खिडक्या लागतात. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी नाक दाबलेल्या माणसाचं चित्र टाकतं. मी मात्र माझी खिडकी उघडी ठेवते. मिठागरात कोंडून ठेवलेलं भरतीचं पाणी उन्हाने आटायला लागलं की हा वास सुटतो, हे मला अप्पांनी सांगितलं होतं. "वास कसला, हंगाम आहे तो," असं ते म्हणायचे.

अप्पा आमच्या खाली, तळमजल्यावर राहायचे. मराठी वाचणाऱ्या माणसाला त्यांचं नाव सांगावं लागू नये, म्हणून सांगत नाही. त्यांची ती एक कादंबरी, 'उधाणाचे पाणी', अभ्यासक्रमात लागली, परभाषांत गेली, तिच्यावर प्रबंध झाले. मिठागरात राबणारी एक बाई, तिचं खारावून भेगाळलेलं अंग, तिची शाळेत जाणारी मुलगी आणि एका भरतीत बांध फुटून वाहून गेलेला सगळा हंगाम. मी ती कॉलेजात असताना वाचली. आम्ही घाटावरची माणसं. मी तेव्हा समुद्र पाहिलेलाही नव्हता. पुस्तक संपल्यावर मी उठून स्वयंपाकघरात गेले, मिठाच्या बरणीत बोट बुडवलं आणि चाटलं. इतकी वर्षं आपण हे असंच खात आलो याची मला लाज वाटली होती.

लग्न होऊन इकडे आल्यावर, काही वर्षांनी कळलं की खालच्या मजल्यावरचा तो लुंगीतला, टँकरवाल्याशी भांडणारा म्हातारा म्हणजे तोच लेखक. मी त्याच्या डोक्यावर संसार मांडला होता! इमारतीत कोणाला त्याचं काही नव्हतं. कोणी एव्हरशाईनच्या वसाहतीतलं घर लहान पडलं म्हणून इथे आलेलं, कोणी तुळिंजच्या चाळीतून. ज्याला त्याला आपला हप्ता आणि आपलं पार्किंग. अप्पा त्यांच्या लेखी एक कटकट होते. तशी ती होतीही, खोटं का बोला. दारूपायी त्यांची मास्तरकी दोनदा गेली होती. मी ओळखायला लागले तोवर दारू सुटली होती, पण तिने जे नेलं ते परत आलेलं नव्हतं. मित्र तुटलेले. दुसरी कादंबरी अर्धी लिहून फाडलेली. त्यांची बायको, आमच्या काकू, वसईच्या केळीच्या वाडीवाल्या घरातल्या. मिठागरातल्या मजुराच्या पोराशी लग्न केलं म्हणून माहेरच्यांनी त्यांना जे दार लावलं ते लावलंच. काकू हे सगळं सुकेळी, तिकडची वाळवलेली केळी, पुढे ठेवताना सांगायच्या, भाजीचा भाव सांगावा तसं.

"एवढं मोठं पुस्तक लिहिलंत," मी एकदा अप्पांना म्हटलं, "आणि त्याचं नाव काढलं की तोंड वाकडं का करता?"

"कारण ते माझं नाही," ते म्हणाले. "नाव वाचा त्याचं. मोठ्याने."

"उधाणाचे पाणी."

"बघा. तुम्हा घाटावरच्यांचा ण तोफेतून सुटतो. आमच्या मिठाच्या आगरात ण नव्हताच हो. माझ्या आईच्या तोंडात शेवटपर्यंत आला नाही. मी लिहिलं होतं 'उधानाचं पानी'. छापून आलं ते तुम्ही वाचलंत."

प्रकाशकाने सगळं हस्तलिखित शुद्ध करून घेतलं होतं. बाईच्या तोंडचं 'मना पानी नको' हे 'मला पाणी नको' झालं, आणि तसं पानोपानी. अप्पा तरुण होते, पहिलंच पुस्तक, छापतायत हेच खूप. वाचकांना कळायला हवं ना, असं प्रकाशक म्हणाला. पुस्तक हातात आल्यावर अप्पा गावी गेले. आई अंगणात बसली होती. ती निरक्षर, पण या बाईत अर्धीअधिक तीच होती. त्यांनी तिला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही कोनच्या घरची बाय रं?"

चुलतभावाने तर सरळ सांगितलं, "आमाला इस्त्री करून छापलास." गावाने पुढे पुस्तकाचं नाव काढलं नाही. त्या वर्षी आई गेली. तेराव्याला आलेली माणसं जेवून गेल्यावर अप्पांनी हस्तलिखित उचललं आणि पाणी तापवायच्या बंबात घातलं. त्यांचं म्हणणं, आईने ओळखली नाही ती बाई घरात कशाला ठेवायची? काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी अडवलं नाही. "अडवलं असतं तर मलाही घातलं असतं," असं त्या हसत म्हणायच्या, पण त्यांना ते लागलेलं होतं.

जळालं ते एकमेव न-वालं पुस्तक. मागे राहिलं ते ण-वालं, आणि ते गाजलं. पुढची सगळी वर्षं लोक त्यांच्या गळ्यात हार घालत राहिले आणि त्यांच्या कानात आईचा तो प्रश्न. मला वाटतं ते दारू प्यायले ती या दोन गोष्टींच्या मध्ये उभं राहायला.

आणि त्यात एक वेडेपणा असा, की हसावं का रडावं कळू नये. कादंबरीत एक प्रसंग आहे. मुलगी शाळेतून येते, दप्तर टाकते आणि आईला म्हणते, "आई, पाणी दे." आई तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहते आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागतात. का? छापील पुस्तकात याला काही कारणच उरलेलं नव्हतं. मुळात पोर शाळेत ण शिकून आली होती. घरात पहिल्यांदा कोणीतरी 'पानी'ऐवजी 'पाणी' म्हणालं होतं, आणि लेक आता दुसऱ्या घरची झाली हे त्या बाईला एका अक्षरात कळलं होतं. छापताना सगळ्यांच्याच तोंडी ण घातल्यावर त्यातलं ते अक्षर हरवलं. उरली एक बाई, तांब्या आणि रडणं. त्यावर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली. पाणी म्हणजे काळ, पाणी म्हणजे मृत्यू, तांब्या म्हणजे स्त्रीचा देह. मी स्वतः परीक्षेत त्यातलं निम्मं लिहून पहिला वर्ग मिळवलेला आहे.

अप्पांचा पहिला झटका आला तो संक्रांतीनंतर, दोन वर्षांपूर्वी. त्याच्या थोडंच आधी त्या प्रकाशकाचा नातू घरी येऊन गेला होता. तरुण, विनयशील मुलगा. म्हणाला, नवी आवृत्ती काढतोय, तुमच्या मूळ भाषेत काढू, तुम्ही दुरुस्त करून द्या. हस्तलिखित नव्हतं, पण अप्पांना सगळं पाठ असल्यासारखं होतं. त्यांनी त्या दिवशी इमारतीतल्या मुलांना कुल्फी वाटली. आणि मग हे. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं.

बोलणं परत आलं तेव्हा काकूंनी मला खाली बोलावलं. "ऐक तर जरा," त्या म्हणाल्या. अप्पा उशीला टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, "ये गो. बस." अनेक वर्षांत ते माझ्याशी असं बोलले नव्हते. 'बसा' म्हणायचे, अहो-जाहो करायचे, पुस्तकी, घासूनपुसून बोलायचे. ते सगळं गेलं होतं. शाळेत, सभेत, व्यासपीठावर कमावलेली भाषा धुऊन गेली होती आणि खाली आगरातली तेवढी शिल्लक होती. डॉक्टर म्हणाले, कधीकधी असं होतं, आधीचं टिकतं आणि नंतरचं जातं. शब्द थोडेच होते, लहान वाक्यं. पण ती त्यांच्या आईच्या घरची होती.

बोलणं सुधारायला एक मुलगी येऊ लागली. मनापासून काम करणारी, गोड बोलणारी. तिच्याकडे चित्रांची कार्डं होती. मांजर, चेंडू, घड्याळ. एक दिवस तिने पाण्याने भरलेल्या ग्लासाचं चित्र दाखवलं.

"हे काय आहे, आजोबा?"

"पानी."

"छान! आता नीट म्हणू या हं. पा-णी. जीभ अशी वर वळवायची."

"पानी."

"णीऽ"

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काकूंना हसू आवरेना. पदर तोंडात घालून त्या आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने डोळे पुसत बाहेर आल्या. मुलगी बिचारी गोंधळली. तिने आपल्या कागदावर ण येत नसल्याची खूण केली. ज्या एका अक्षरासाठी या माणसाचा जन्म नासला, त्याचाच आता इलाज चालला होता. अप्पांनी डाव्या हाताने कार्ड तिच्याकडे सरकवलं.

"मना तो नको," ते म्हणाले. "तुजा तू ने."

ती पुन्हा आली नाही, की अप्पांनी येऊ दिली नाही, आठवत नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी छापील कादंबरी आणि लाल पेन घेऊन खाली गेले. प्रकाशकाच्या नातवाचं काम करायला याहून बरी वेळ येणार नव्हती. भलत्याच वेळी, भलत्याच रीतीने अप्पांना त्यांची भाषा सापडली होती.

आमची रीत अशी होती. मी बाईच्या तोंडचं एक वाक्य वाचायचं. अप्पा डोळे मिटून ऐकायचे, मग तेच तिच्या आवाजात म्हणायचे, आणि मी छापील ओळीच्या डोक्यावर लाल अक्षरांत लिहायचं. मुलांच्या 'पानी'चं 'पाणी' करण्यात माझं पेन झिजलं. आता ते उलटं चालायला लागलं. सुरुवातीला हात अडायचा. खरं सांगते, चूक लिहितेय असंच वाटायचं. एखादं वाक्य मी माझ्या मनाने बदललं की अप्पा मान हलवायचे. "तसा नाय. आय आसा बोलाची नाय." कधी एका शब्दावर दुपार जायची. शब्द त्यांच्या ओठांवर यायचा आणि परत फिरायचा, त्यांच्या कपाळावर घाम यायचा, काकू पंखा वाढवायच्या. बाहेर तो खारट वारा. खिडकी लावू का म्हटलं की ते नको म्हणायचे.

"तो रडायचा प्रसंग आधी करू या का?" मी एकदा विचारलं. तो पुस्तकाच्या मध्याच्या पुढे होता, आणि अप्पांची तब्येत बघता तिथवर पोचू याचा भरवसा मला नव्हता. हे मी बोलले नाही, पण त्यांना कळलं.

"नाय," ते म्हणाले. "चालत जाव."

म्हणजे ती बाई तिथवर आपल्या पायांनी जाईल. उचलून नेऊन ठेवायची नाही. मला राग आला. वाटलं, अहो, वेळ आहे का तेवढा? हट्टाने आधीच एक पुस्तक जाळलंत! पण वाचत राहिले. पेपर तपासून झाले, निकाल लागले, शाळेला सुट्टी लागली. मुलाला घेऊन माहेरी जायचं होतं, ते मी पुढे ढकललं. नवरा म्हणाला, तुझं काय चाललंय खाली? मी म्हटलं, शुद्धलेखन.

त्या दुपारांत एकदा मी त्यांना सांगितलं की मला हे पुस्तक ण-सकटच आवडलं होतं. त्यातली बाई मला माझ्या थोरल्या आत्यासारखी वाटली होती, तिच्याच बोलीत बोलणारी, म्हणून तर मी रडले होते. अप्पांनी डाव्या हाताने पुस्तकाचं पान चाचपलं. मग म्हणाले, "म्हंजे माजी आय तुमच्या घरा गेली." ते रागाने म्हणाले की समाधानाने, हे मला आजही सांगता येत नाही. लाखो घरांत ती बाई पोचली ती त्या ण-मुळेच, हे खरं असेल. ज्या एका घरात ती पोचायला हवी होती तिथे ती परकी ठरली, हेही खरं. पुस्तक टिकलं म्हणजे नेमकं काय टिकलं, याचं उत्तर मी वर्गात अनेकदा सांगितलं आहे. त्या खोलीत मी ते न सांगता पुढचं वाक्य वाचलं.

मे महिन्यात, मिठाचे ढीग पेंढ्याने शाकारायला घेतात त्या सुमाराला, आम्ही त्या पानावर पोचलो. अप्पांचा चेहरा उतरला होता, पण डोळे जागे होते. काकू हातातलं काम टाकून येऊन बसल्या. मी आधी मुलीचं वाक्य वाचलं. "आई, पाणी दे."

हे वाक्य बदलायचं नव्हतं. सबंध घरात हा एकच ण खरा होता. पण आमच्या रीतीप्रमाणे अप्पांनी ते आपल्या तोंडाने म्हणायला सुरुवात केली. "आय, पा…" आणि ते थांबले. पुन्हा सुरुवात. "पानी." मान हलवली. "पा… नी." जीभ वर वळेना. ज्याला त्यांनी हाकलून दिलं होतं, ते अक्षर आता हवं होतं आणि ते नव्हतं. ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, काकूंनी ती पुसली. "राहू द्या हो," त्या म्हणाल्या. त्यांनी काकूंचा हात बाजूला केला. मला ते बघवेना. माझ्या जिभेवर फुकट पडून असलेलं ते अक्षर काढून त्यांना देता आलं असतं तर मी दिलं असतं.

शेवटी त्यांनी डावा हात माझ्याकडे केला. "तू बोल."

मी म्हटलं. माझ्या घाटावरच्या तोंडाने, जसं येतं तसं. "आई, पाणी दे."

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि छापील पुस्तकात जिथे ती बाई नुसतीच रडते, जिथे तिच्या तोंडी एकही शब्द नाही, तिथे ते बोलले.

"कोनच्या घरची गो तू?"

हे वाक्य पुस्तकात नव्हतं. काकू हळूच म्हणाल्या, "होतं. जाळलं त्यात होतं. प्रकाशकाला ते उगाच वाटलं म्हणून गाळलेलं." अप्पा लहान असताना शाळेतून आले आणि पहिल्यांदा 'पाणी' म्हणाले, तेव्हा आईने त्यांना असंच, 'कोनच्या घरचा रं तू?' विचारलं होतं, थट्टेने. त्यांनी ते कादंबरीत घातलं. आणि छापील पुस्तक ऐकून तिने पुन्हा तेच विचारलं, तेव्हा मात्र ती थट्टा नव्हती.

मी ते लाल अक्षरांत लिहून घेतलं. वर बघितलं तर ते अजून माझ्याकडेच बघत होते. मला वाटलं, ते उत्तराची वाट बघतायत. मी पेनाला टोपण लावलं.

त्यानंतर काम झालं नाही. त्याच आठवड्यात दुसरा झटका आला आणि अप्पा गेले. इमारतीच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली. पेपरात मोठा फोटो आला, तेव्हा सोसायटीच्या अध्यक्षांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "म्हणजे ते खरंच कोणीतरी होते?"

नवी आवृत्ती निघाली. 'उधानाचं पानी'. प्रकाशकाच्या नातवाने शब्द पाळला. जिथवर अप्पा पोचले तिथवर बाई तिच्या बोलीत बोलते, पुढे जुनंच ठेवलं. पुढचं तुम्ही लिहून द्याल का, असं त्याने मला विचारलं होतं. मी नको म्हटलं. पुढे ती कशी बोलली असती हे मला माहीत नाही, आणि ज्याला माहीत होतं तो गेला. पुस्तकातली बाई अर्ध्या रस्त्यात तोंड बदलते. वाचकांची पत्रं आली म्हणे, छपाईत फार चुका आहेत. काकू ती आवृत्ती देव्हाऱ्यातल्या देवांबरोबर बांधून घेऊन वसईला, वाडीत भाचीकडे राहायला गेल्या; दार लावणारं तिथे आता कोणी उरलं नव्हतं. तळमजल्यावर आता एक क्लास चालतो.

हे सगळं आज का, तर हा गठ्ठा. शाळेचा पेपर यंदा माझ्या एका सहकारी बाईंनी काढला. त्यांना अप्पांच्या या ण-चं काही ठाऊक नाही, नवी आवृत्ती ग्रंथालयात दिसली आणि त्यांना तिचा उपयोग सुचला. व्याकरणाच्या प्रश्नात त्यांनी एक वाक्य दिलंय. पुढील वाक्य शुद्ध करून लिहा: 'पोरी, वाईच पानी आन.' हे वाक्य माझ्या हातचं आहे. एका दुपारी अप्पांच्या तोंडून ऐकून मीच ते लिहिलं होतं.

उत्तर सोपं आहे. सगळ्यांना आलंय. 'मुली, थोडे पाणी आण.' मी लाल पेनाने बरोबरची खूण करत चालले आहे. एकामागून एक, पेपरामागून पेपर, ती बाई माझ्या टेबलावर शुद्ध होत चालली आहे. खूण न करून काय करणार? मुलांनी विचारलं ते लिहिलंय.

एका पेपरापाशी थांबले. मिठागरापलीकडच्या गावातली मुलगी आहे, वर्गात फारसं बोलत नाही. तिने आधी वाक्य होतं तसंच उतरवलं होतं. बहुतेक तिला त्यात चूक दिसलीच नसावी. मग मागाहून, शेजारणीचं बघून म्हणा किंवा आठवून म्हणा, तिने 'पोरी' नि 'वाईच' बदललं आहे, दोन्ही न-वर आडवी रेघ मारली आहे आणि डोक्यावर नीट, गोल, शाळेतला ण काढला आहे. रेघ इतकी जोरात मारलीय की कागद फाटलाय.

उत्तर बरोबर आहे. मी खूण केली. खिडकीतून वारा आला, तोच, आणि मी त्या फाटलेल्या जागेवर बोट ठेवून, तिचं नाव वाचत, मोठ्याने विचारलं, "कोनच्या घरची गो तू?" घरात कोणी नव्हतं. पण माझा न अगदी स्वच्छ आला.